पान सोडताना तो प्रश्न विचारतो कोण?

काही वर्षांपूर्वी मी एक लांबलचक ऑनलाइन अर्ज भरत होते. नाव, पत्ता, शिक्षण पाच मिनिटांत भरून झालं. खरा वेळ गेला तो शेवटच्या तीन प्रश्नांना. प्रत्येकाचं उत्तर पाचशे शब्दांत द्यायचं होतं आणि मी ती उत्तरं थेट त्या पानावरच, खोडत, पुन्हा लिहीत तयार करत होते. दोन तास तरी गेले असतील. मग एका नियमाबद्दल शंका आली म्हणून त्याच पानावरच्या ‘सूचना वाचा’ या दुव्यावर क्लिक केलं. सूचना त्याच टॅबमध्ये उघडल्या. वाचून मागे आले, तर अर्ज कोरा. जाताना मला कुणी काही विचारलं नव्हतं.

एरवी आपल्याला वैताग आणणारी ती छोटी चौकट, ‘साइट सोडायची का? तुम्ही केलेले बदल कदाचित सेव्ह होणार नाहीत’ अशा अर्थाची, त्या दिवशी यायला हवी होती आणि आली नाही. तेव्हापासून तिच्याकडे बघण्याची माझी नजर बदलली. ती कोण दाखवतं, कधी दाखवतं, कधी दाखवू शकतच नाही, हे समजून घेतलं की वैताग कमी होतो आणि नुकसानही कमी होतं.

सुरुवात एका साध्या प्रश्नापासून करू. तुम्ही पानावर टाइप केलेली अक्षरं असतात कुठे?

बहुतेकांना वाटतं, अक्षर पडद्यावर उमटलं म्हणजे ते वेबसाइटकडे पोचलं. तसं नसतं. वेबसाइटचा सर्व्हर म्हणजे दूर कुठेतरी चालू असलेला संगणक. तुम्ही पान उघडता तेव्हा तो त्या पानाची एक प्रत तुमच्या ब्राउझरला पाठवतो आणि तिथे त्याचं काम तात्पुरतं संपतं. पुढे तुम्ही त्या पानावर जे लिहिता ते तुमच्याच यंत्रात, त्या एका टॅबच्या वाट्याला आलेल्या मेमरीत राहतं. साध्या अर्जात ‘सबमिट’ दाबेपर्यंत सर्व्हरला त्याचा पत्ताही नसतो. पाटीवर लिहिण्यासारखं आहे हे. गुरुजींनी बघण्याआधी पाटी पुसली तर काय लिहिलं होतं ते गुरुजींना कधीच कळणार नाही. टॅब बंद करणं, मागे जाणं, दुसरा दुवा उघडणं, पान रिफ्रेश करणं, या प्रत्येक कृतीत पाटी पुसली जाऊ शकते, कारण ब्राउझर आधीचं पान उतरवून त्या जागी नवं पान मांडतो.

हा गुंता वेबच्या जन्मातच आहे. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली पहिली वेबसाइट जगासाठी खुली केली तेव्हा वेब हे वाचायचं साधन होतं. एक कागद वाचायचा, त्यातल्या दुव्यावरून दुसऱ्या कागदावर जायचं. वाचणाऱ्याचं पान सोडताना काहीच बुडत नाही, म्हणून सोडणं शक्य तितकं सोपं ठेवलं गेलं आणि ते योग्यच होतं. पण लवकरच पानांवर रकाने आले. वेबची पानं ज्या भाषेत लिहितात तिच्या, १९९५ च्या नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एचटीएमएल २.०’ या प्रमाण आवृत्तीत फॉर्म अधिकृतपणे दाखल झाले. मग ईमेल, लेख, हिशेबाचे तक्ते, चित्रं, सगळंच ब्राउझरमध्ये होऊ लागलं. वाचायची जागा लिहायची जागा झाली, पण उठून जायची रीत वाचकाचीच राहिली: एक क्लिक, की गेलं.

संगणकावर बसवलेल्या जुन्या प्रोग्रॅमांत ही अडचण आधीच ओळखली गेली होती. लेखनाच्या प्रोग्रॅमची खिडकी बंद करायला गेलं की तो तीन पर्याय देतो: सेव्ह करा, सेव्ह न करता बंद करा, किंवा रद्द करा. ब्राउझरच्या चौकटीत मात्र दोनच पर्याय असतात, जा किंवा थांबा. सेव्हचं बटण का नाही? कारण ‘सेव्ह’ म्हणजे काय हे ब्राउझरला माहीतच नसतं. एखाद्या पानावर सेव्ह करणं म्हणजे मसुदा ठेवणं, दुसऱ्यावर मागणी नोंदवणं, तिसऱ्यावर लेख साऱ्या जगासाठी प्रसिद्ध करणं. तुमच्या वतीने ब्राउझरने ते बटण दाबलं तर एखादा अर्धवट अर्ज कायमचा दाखल होऊन बसेल. म्हणून तो फक्त वाट अडवतो आणि विचारतो.

आता प्रत्यक्ष काय घडतं ते बघू. ही सोय मायक्रोसॉफ्टने १९९७ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ४ मध्ये आणली. पुढे इतर ब्राउझरांनी ती उचलली आणि ती वेबच्या प्रमाण नियमांत गेली. तिचं तांत्रिक नाव ‘बिफोरअनलोड’, म्हणजे पान उतरवण्याच्या आधीचा क्षण. तुम्ही टॅबच्या फुलीवर क्लिक केलं की ब्राउझर पान लगेच फेकून देत नाही. तो आधी त्या पानातल्या कोडला, म्हणजे वेबसाइट बनवणाऱ्याने पानासोबत पाठवलेल्या छोट्या प्रोग्रॅमला, एक संधी देतो: मी तुला बंद करतोय, तुझी काही हरकत आहे? बहुतेक पानं यावर गप्प राहतात आणि तुम्हाला काही न कळता टॅब बंद होतो. पण लिहिणाऱ्याचं काम अर्धवट आहे असं पानाच्या कोडला वाटलं तर तो हरकत नोंदवतो. ती नोंदली गेली की पुढची सूत्रं ब्राउझरच्या हातात. चौकट ब्राउझर काढतो, तिच्यातला मजकूर ब्राउझरचा, बटणंही ब्राउझरची.

म्हणजे हरकत वेबसाइटची असते आणि प्रश्न ब्राउझरचा असतो. हा फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो ठरवताना खूप विचार झालेला आहे. हरकत घेणाऱ्या पानाला तुम्ही कुठे चालला आहात हे सांगितलं जात नाही. तुम्ही टॅब बंद करताय, की पत्त्याच्या पट्टीत दुसरं नाव टाइप केलंय, की मागे जाताय, यातलं काही त्याला कळत नाही. चौकटीत ते पान स्वतःचा एक शब्दही घालू शकत नाही. त्याच क्षणी आणखी एखादी सूचना-खिडकी उघडायचा प्रयत्न त्याने केला तर ब्राउझर तो सरळ दुर्लक्षित करू शकतो. आणि तुम्ही ‘जा’ म्हटलंत की पानाला जावंच लागतं. नकाराधिकार त्याला नाही.

एवढी बंधनं का, याचं उत्तर या सोयीच्या गैरवापरात आहे.

पूर्वी वेबसाइटला चौकटीत स्वतःचा मजकूर लिहिता यायचा. ज्यांनी तो प्रामाणिकपणे वापरला त्यांनी फार उपयोगी वाक्यं लिहिली, उदाहरणार्थ ‘तीन फोटो अजून अपलोड व्हायचे आहेत’. पण ठगांच्या हातीही तेच हत्यार लागलं. तुमच्या संगणकात व्हायरस आहे, पान बंद केलंत तर सगळ्या फाइली जातील, आताच या क्रमांकावर फोन करा, अशी वाक्यं त्या चौकटीत येऊ लागली. काही जण वाक्यरचनाच अशी करत की वाचणाऱ्याला कोणतं बटण कशासाठी हेच उमगू नये. ‘बाहेर पडणं थांबवून बक्षीस मिळवण्यासाठी रद्द दाबा’ असलं वाक्य घाईत वाचणारा माणूस हमखास चुकीचं बटण दाबतो. ब्राउझरची चौकट दिसायला अधिकृत, म्हणून तिच्यातलं खोटंही अधिकृत वाटायचं. वयस्कर माणसं आणि संगणकाला नवखी माणसं यात जास्त फसत, आणि ते मला आजही फार लागतं, कारण ती माणसं काळजीपूर्वक वागत होती. समोर लिहिलेलं वाचून, त्यावर विश्वास ठेवून वागणं हाच त्यांचा दोष ठरला.

म्हणून ब्राउझरांनी लेखणी काढून घेतली. फायरफॉक्सने २०११ साली, चौथ्या आवृत्तीपासून, वेबसाइटचा मजकूर दाखवणं बंद केलं. क्रोमने २०१६ मध्ये, ५१ व्या आवृत्तीत तेच केलं, आणि सफारीही त्याच वाटेने गेला. आज कोणतीही वेबसाइट असो, एका ब्राउझरमधली चौकट सगळीकडे तशीच दिसते, ती यामुळे. प्रामाणिक वेबसाइटांचं यात नुकसान झालं हे खरं आहे. ‘बदल कदाचित सेव्ह होणार नाहीत’ या मोघम वाक्यावरून नेमकं काय बुडणार ते कळत नाही. तरीही मला हा व्यवहार बरोबर वाटतो. मोघम पण खरं वाक्य एका पारड्यात आणि नेमकं पण कदाचित खोटं वाक्य दुसऱ्यात असेल, तर पहिलंच निवडावं.

पाठोपाठ आणखी एक अट आली. तुम्ही त्या पानाला हातच लावला नसेल, म्हणजे क्लिक नाही, टाइप नाही, तर त्याला हरकत घेता येणार नाही. फायरफॉक्समध्ये हे २०१६ साली आणि क्रोममध्ये २०१७ साली आलं. यामागचा विचार सरळ आहे. तुम्ही काही केलंच नसेल तर बुडण्यासारखं काही नाही, आणि बुडण्यासारखं काही नसताना अडवणाऱ्याचा हेतू वेगळा आहे. चुकून उघडलेल्या भलत्याच टॅबमधून आज सहज बाहेर पडता येतं, ते बऱ्याच अंशी या अटीमुळे.

मग काही न लिहिताही चौकट का येते?

कारण काही वेबसाइटा आळस करतात. नीट पद्धत अशी, की पहिलं अक्षर टाइप झालं की कोडने हरकतीची सोय चालू करावी आणि मजकूर सेव्ह झाला की ती बंद करावी. त्यासाठी शेवटचं सेव्ह कधी झालं आणि त्यानंतर काय बदललं याचा हिशेब ठेवावा लागतो. तो टाळून काही जण सोय कायमचीच चालू ठेवतात. मग तुम्ही एका रकान्यात नुसतं क्लिक केलंत आणि निघालात, तरी ‘बदल जातील’ म्हणून अडवलं जातं.

यात दोन तोटे आहेत. एक तांत्रिक. मागे-पुढे जाताना पान झटकन दिसावं म्हणून ब्राउझर सोडलेलं पान जसंच्या तसं मेमरीत गोठवून ठेवतात. फायरफॉक्सने ही युक्ती २००५ मध्ये आणली, क्रोमने फोनवर २०२० मध्ये आणि संगणकावर २०२१ मध्ये. पण पान सोडतानाच्या क्षणाला कोड चिकटवलेला असला की फायरफॉक्समध्ये बराच काळ ते पान गोठवण्यातून वगळलं जायचं. म्हणजे नुकसान टाळायला लावलेला कोडच, मजकुरासकट पान परत मिळण्याची एक वाट बंद करत होता.

दुसरा तोटा माणसाच्या सवयीचा, आणि तो जास्त खोल आहे. एकच प्रश्न दहा वेळा विनाकारण विचारला की अकराव्या वेळी आपण तो वाचत नाही. हात आपोआप ‘सोडा’वर जातो. लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या मुलाच्या गोष्टीत गावकऱ्यांचं जे झालं, तेच इथे बोटांचं होतं. आणि अकराव्या वेळी खरोखर दोन तासांचं काम पणाला लागलेलं असू शकतं. विनाकारण दाखवलेली चौकट त्या एका वेबसाइटपुरती राहत नाही. सगळीकडे ती सारखीच दिसत असल्यामुळे एकीने लावलेली सवय दुसरीच्या कामावर बेतते. म्हणून ही सोय उधळपट्टीने वापरणाऱ्यांबद्दल मला राग आहे.

आणि हवी तेव्हा का येत नाही?

माझ्या अर्जाचं काय झालं ते इथे सांगते. त्या पानाच्या कोडने हरकतच नोंदवली नव्हती, बनवणाऱ्याला ते सुचलंच नसावं. मग मागे आल्यावर मजकूर का दिसला नाही? पुष्कळदा दिसतो, कारण ब्राउझर रकान्यांतली अक्षरं आपण होऊन लक्षात ठेवतो. पण लॉगिन करून उघडलेल्या पानांना बऱ्याचदा सर्व्हरची सूचना असते, की हे पान कुठेही साठवू नका. दुसऱ्या कुणी तोच संगणक वापरला तर त्याला तुमची माहिती दिसू नये, हा त्यामागचा चांगला उद्देश. मात्र त्या सूचनेमुळे मागे जाताना पान बऱ्याचदा सर्व्हरकडून नव्याने मागवलं जातं, आणि नवं पान म्हणजे कोरं पान.

फोनवर तर या चौकटीवर विसंबूच नये. आयफोनवरच्या सफारीत ही सोय चालत नाही. अँड्रॉइडवर आहे, पण फोन वापरायची आपली तऱ्हाच वेगळी. आपण टॅब बंद करत नाही, दुसऱ्या ॲपवर जातो. थोड्या वेळाने उघड्या ॲपांच्या यादीतून ब्राउझरला बोटाने बाजूला सारतो, किंवा मेमरी कमी पडली म्हणून फोनच त्याला बंद करून टाकतो. यात ‘तुला बंद करतोय’ असं पानाला सांगायला ब्राउझर स्वतः जिवंत नसतो. वीज गेली, बॅटरी संपली, टॅब कोसळला, तरी तेच. म्हणून जाणते प्रोग्रॅमर आता पान सोडण्याच्या क्षणाची वाट बघत नाहीत. पान नजरेआड झालं, म्हणजे तुम्ही दुसऱ्या टॅबवर किंवा ॲपवर गेलात, की हीच शेवटची संधी असं धरून ते मजकूर लगेच साठवतात. जाता जाता सर्व्हरकडे छोटंसं पुडकं रवाना करायचीही सोय ब्राउझरमध्ये आहे, पण त्यात साधारण ६४ किलोबाइटच मावतात. अक्षरांना तेवढी जागा पुरते, फोटोंना नाही.

आणखी एक गोंधळ नव्या पद्धतीच्या वेबसाइटांमुळे होतो. त्यांत तुम्ही एका विभागातून दुसऱ्या विभागात जाता तेव्हा दिसताना पान बदलतं, पण ब्राउझरच्या दृष्टीने तुम्ही त्याच पानावर असता. आतला कोडच पडदा बदलत असतो. मग ब्राउझर विचारणार तरी काय? अशा ठिकाणी वेबसाइटला स्वतःची चौकट स्वतः काढावी लागते. म्हणून एकाच वेबसाइटवर टॅब बंद करताना एक चौकट दिसते आणि आतल्या आत फिरताना दुसरी, वेगळ्या रंगाची, वेगळ्या शब्दांची.

इथे सावध राहायला हवं, कारण वेबसाइटने काढलेल्या चौकटीला वर सांगितलेली बंधनं नाहीत. तिच्यात काहीही लिहिता येतं. माउसचा बाण वर, पत्त्याच्या पट्टीकडे सरकू लागला की तुम्ही निघालात असं ताडून ‘थांबा, जाऊ नका, सवलत घ्या’ म्हणत पुढे येणारे फलक याच जातीचे. त्यांचा तुमच्या मजकुराशी काही संबंध नसतो. ओळखायची खूण अशी: ब्राउझरची खरी चौकट साधी असते, तिच्यात चित्रं नसतात, घड्याळाची उलटी मोजणी नसते, फोन क्रमांक तर कधीच नसतो. फलक न वाचता टॅब बंद केलात तरी काही बिघडत नाही. त्यानंतर ब्राउझरची चौकट आलीच तर ‘सोडा’ म्हणा. त्या बटणाने पान बंद होतं, दुसरं काहीही होत नाही.

मागे जायच्या बटणाचा सापळाही असाच. काही पानं उघडल्याबरोबर ब्राउझरच्या इतिहासात स्वतःच्याच खोट्या नोंदी भरतात, त्यामुळे कितीदा मागे गेलं तरी तुम्ही तिथेच. तुमचा हात न लागता घातलेल्या अशा नोंदी क्रोम २०१९ पासून मागे जाताना वगळतो. तरी अडकलात तर मागे जायचं बटण थोडा वेळ दाबून धरा. जुन्या पानांची यादी उघडते, तिच्यातून थेट हव्या त्या पानावर उडी मारता येते.

बँकेच्या पानावरून बाहेरचा दुवा उघडताना ‘आपण आमच्या संकेतस्थळाबाहेर जात आहात’ असं येतं, ते या सगळ्याहून निराळं. तिथे तुमच्या मजकुराची नाही, जबाबदारीची हद्द दाखवलेली असते. पुढच्या पानावर जे असेल ते आमचं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

रिफ्रेश केल्यावर येणारा दुसरा प्रश्न

फॉर्म भरून पाठवल्यावर पान रिफ्रेश केलं की कधी कधी ‘फॉर्म पुन्हा पाठवायचा का?’ असं विचारलं जातं. ही पहिल्या चौकटीची सख्खी बहीण, पण धोका उलटा. पहिलीत लिहिलेलं न पोचण्याची भीती, हिच्यात दोनदा पोचण्याची.

ब्राउझर सर्व्हरशी मुख्यतः दोन प्रकारे बोलतो. ‘गेट’ म्हणजे मला अमुक पान दे. हे शंभर वेळा मागितलं तरी जगात काही बदलत नाही. ‘पोस्ट’ म्हणजे ही माहिती घे आणि तिच्यावर काम कर: पैसे वळते कर, मागणी नोंदव, अभिप्राय छाप. पोस्टने आलेलं पान रिफ्रेश करणं म्हणजे तेच काम परत सांगणं. त्यामुळे दोनदा पैसे जाऊ शकतात. ब्राउझरला तुमचा इरादा कळत नाही, म्हणून तो विचारतो. तुम्हाला खात्री नसेल तर ‘रद्द’ करा आणि मागणी नोंदली गेली का ते वेगळ्या टॅबमध्ये, तुमच्या खात्यात जाऊन बघा. चांगल्या वेबसाइटा हा प्रश्न उद्भवूच देत नाहीत. फॉर्म मिळाला की त्या तुम्हाला लगेच एका साध्या ‘गेट’च्या पावती-पानावर पाठवतात, जे कितीही रिफ्रेश केलं तरी फक्त पावतीच परत दिसते. पैसे भरताना ‘मागे जाऊ नका, रिफ्रेश करू नका’ असं लिहिलेलं असतं, कारण त्या क्षणी दोन-तीन वेगवेगळ्या संस्थांचे सर्व्हर एकमेकांकडे तुम्हाला सोपवत असतात आणि मधला दुवा तुटला तर पैसे गेले की नाही याचा निरोप मागेच राहतो.

प्रश्न विचारण्यापेक्षा बरं काही आहे का?

आहे, आणि ते फार पूर्वीपासून आहे. धोकाच काढून टाकायचा. ऑनलाइन लेखनाच्या बऱ्याच साधनांत आता सेव्हचं बटणच दिसत नाही. तुम्ही थांबता न थांबता तोच मजकूर सर्व्हरकडे जातो. तिथे चौकट आलीच तर ती खरी असते: शेवटचं वाक्य अजून वाटेत आहे, किंवा तुमचं इंटरनेट तुटलंय. अशा वेळी दोन-चार सेकंद थांबलं की बहुतेकदा काम होतं. ज्यांना सर्व्हरवर मसुदे ठेवणं जड जातं त्यांना ब्राउझरच्या आत, तुमच्याच यंत्रावर मसुदा ठेवता येतो. त्यासाठी प्रत्येक वेबसाइटला साधारण ५ मेगाबाइट जागा मिळते. माझी पाचशे-पाचशे शब्दांची तिन्ही उत्तरं तिच्या एका कोपऱ्यात बसली असती. ते चार ओळींचं काम कुणीतरी केलं नव्हतं, याचं मला त्या दिवशी सगळ्यात वाईट वाटलं.

दुसरा मार्ग, झालेलं परत फिरवता येण्याचा. जीमेलमध्ये ईमेल पाठवल्यावर काही सेकंद ‘पूर्ववत करा’ असा पर्याय दिसतो. २००९ साली तो प्रयोग म्हणून आला आणि २०१५ मध्ये सगळ्यांसाठी खुला झाला. कल्पना करा, त्याऐवजी प्रत्येक ईमेलच्या आधी ‘नक्की पाठवायचं?’ असं विचारलं असतं तर. आठवड्याभरात आपण ते वाचायचं सोडलं असतं. चूक लक्षात येते ती सहसा बटण दाबल्यानंतरच्या क्षणी, आधीच्या नव्हे. म्हणून त्या नंतरच्या क्षणी हात देणारी सोय जास्त उपयोगी पडते.

तिसरा मार्ग, चुकून निघून जाण्याची वाटच बंद करण्याचा. किबोर्डवरच्या बॅकस्पेसने अक्षर खोडतात आणि पूर्वी त्याच कळीने ब्राउझरमध्ये मागेही जाता यायचं. कर्सर रकान्याच्या बाहेर असला आणि तुम्ही अक्षर खोडायला गेलात की अख्खं पानच जायचं. क्रोमने २०१६ मध्ये ही सोय काढून टाकली आणि पुढे फायरफॉक्सनेही काढली. काही लोक रागावले, कारण त्यांच्या बोटांना सवय होती. पण एक अक्षर खोडायला जाऊन सगळा अर्ज घालवलेल्या माणसाचं दुःख त्या सवयीपेक्षा मोठं होतं.

हे सगळं जोवर प्रत्येक पानावर होत नाही, तोवर ती चौकट लागणार. ती आली आणि तुम्ही त्या पानावर काही लिहिलेलं असेल, तर सवयीने बटण दाबू नका. ‘थांबा’ किंवा ‘रद्द करा’ निवडा. त्याने काहीही बिघडत नाही, तुम्ही होता तिथेच राहता. मग पानावर सेव्ह किंवा मसुद्याचं बटण शोधा. नसेल तर रकान्यात क्लिक करून सगळा मजकूर निवडा, कॉपी करा आणि फोनमधल्या नोंदवहीत किंवा स्वतःलाच पाठवायच्या ईमेलमध्ये चिकटवा. शंका म्हणून बघायचे दुवे नव्या टॅबमध्ये उघडा; संगणकावर कंट्रोल दाबून, मॅकवर कमांड दाबून क्लिक केलं की ते आपोआप नव्या टॅबमध्ये जातात. लांब उत्तरं मी आता आधी दुसरीकडे लिहिते आणि तयार झाली की अर्जात आणून चिकटवते. तो अर्ज मी त्याच रात्री पुन्हा लिहिला होता, आठवेल तसा, पहाटे तीनपर्यंत.